हिरवळीऐवजी विष्णुक्रांता: मुरमाड अंगणात देशी रानफूल पसरवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातील घराच्या पुढे आणि एका बाजूला मिळून सुमारे ५०० चौरस फूट मोकळी जागा आहे. तेथे विकत आणून अंथरलेली हिरवळ लागोपाठ दोन उन्हाळ्यांत जळून गेली. जुलैमध्ये शहराबाहेरच्या माळावर जमिनीलगत पसरलेली, बारीक निळ्या फुलांची विष्णुक्रांता आपल्या नजरेस पडली. तिची दहा-बारा रोपे आपण मुळासकट आणून लावली, रोज पाणी घातले, आणि तरीही ती आठवड्याभरात वाळली. माळावर कोणी पाणी घालत नसताना जगणारे झाड अंगणात का मरते, आणि हिरवळीच्या जागी या झाडाचा गालिचा करता येईल का, असे आपण विचारले आहे. अशा आच्छादनात साप-विंचू येतील का, ही घरातील मंडळींची शंकाही आपण शेवटी जोडली आहे.

मी सोलापुरात बरीच वर्षे देशी रोपांची छोटी रोपवाटिका चालवते, आणि हाच प्रश्न थोड्याफार फरकाने दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतेच. माझे उत्तर असे आहे की विष्णुक्रांता जमिनीवरचे आच्छादन म्हणून नक्की लावता येते, परंतु आपल्या सगळ्या जागेत नाही, आणि आपल्या मनात आहे तसा बारमाही हिरवा गालिचा तिचा होणार नाही. आपण दिलेल्या वर्णनावरून आपल्याकडे एक नव्हे, तर दोन वेगळ्या जमिनी आहेत. पुढच्या भागात बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरमाचा भराव असून तेथे दिवसभर ऊन असते. बाजूच्या पट्ट्यात मूळची काळी माती आहे, धुणे-भांड्याचे पाणी तिकडेच उतरते आणि दुपारनंतर इमारतीची सावली पडते. या दोन्ही जागांना एकच झाड लावायचा हट्ट हीच खरी अडचण आहे. हिरवळीच्या बाबतीतही नेमके तेच झाले असावे.

हिरवळ का टिकली नाही, याचा हिशेब आधी मांडते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना आणि कोरडा वारा सुटलेला असताना हिरवळीला टवटवीत राहण्यासाठी दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते, असे धरून चालावे. आपली ५०० चौरस फूट जागा म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. याचा अर्थ दररोज सव्वादोनशे-अडीचशे लिटर पाणी, म्हणजेच हजार लिटरची टाकी चार दिवसांत केवळ गवतावर रिकामी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे कोणत्याही घराला परवडणारे नाही. बोअरचे पाणी वापरावे म्हटले, तर आपल्याकडे ते बहुधा जड असते. भर उन्हाळ्यात ते रोज दिले की क्षार वर साचतात आणि पाने कडेने करपू लागतात. त्यामुळे गवत बदलून दुसरे गवत आणण्याऐवजी आपण माळाकडे पाहिलेत, हा विचार मला योग्यच वाटतो.

आता आणलेली रोपे का मेली ते पाहू. विष्णुक्रांता बहुवर्षायू आहे, आणि तिचे बहुवर्षायूपण वरच्या फांद्यांत नसून जमिनीखाली असते. वाळलेल्या रोपांपैकी एखादे अजून ठेवले असेल, तर ते हातात घेऊन पाहावे. जमिनीच्या पातळीवर लाकडासारखी कठीण, गाठीसारखी बुंधाळ जागा दिसेल. तिच्यातून चहूकडे दोऱ्याएवढ्या बारीक, लवदार फांद्या निघालेल्या असतील, आणि खालच्या बाजूस एक सरळ मूळ तुटलेल्या टोकाशी संपलेले असेल. त्या मुळाचा मोठा भाग माळावरच राहिला. मुरमाच्या भेगांतून खोल गेलेले हे सोटमूळ उपटताना हमखास तुटते, आणि जे वर येते त्याला पाणी शोषणारी बारीक मुळे फारशी नसतात. अशा रोपाला आपण रोज पाणी दिले, तरी ते घ्यायला त्याच्याजवळ काही उरलेले नव्हते. उलट त्या तुटलेल्या मुळाभोवती माती सतत ओली राहिल्याने जखम कुजली. शिवाय रोपे फुलावर असताना आणली गेली. त्या अवस्थेत झाडाचा सगळा जोर फूल आणि बी धरण्याकडे असतो, नवे मूळ फोडण्याकडे नसतो. याच कारणाने माळावरून उपटलेली मोठी रोपे मी कधी कोणाला देत नाही. बी किंवा फांदीचे तुकडे, हेच दोन भरवशाचे मार्ग आहेत.

त्याआधी ओळखीबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण या बाबतीत बाजारात बराच घोळ आहे. आपण वर्णन केलेली विष्णुक्रांता म्हणजे वनस्पतिशास्त्रात जिला इव्हॉल्वुलस अल्सिनॉइडिस म्हणतात ती. पाने लहान, लांबट आणि रेशमी लव असलेली. फूल जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर, फिकट निळे, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारे. फांद्या जमिनीवर लोळतात, पण पेरांवर मुळे धरत नाहीत. रोपवाटिकेत ‘विष्णुक्रांता’ किंवा ‘ब्लू डेझ’ म्हणून मोठ्या, गडद निळ्या फुलांचे जे रोप मिळते, ती इव्हॉल्वुलस ग्लोमेरॅटस असून ती मूळची ब्राझीलची आहे. ती दिसायला देखणी आहे, कुंडीत उत्तम होते, पण तिला पाणी अधिक लागते आणि आपल्या उघड्या मुरमावर ती मे महिना सहजासहजी काढत नाही. तिसरी एक आहे, गोल पानांची, पांढऱ्या फुलांची, पेरापेराला मुळे धरणारी. ती अमेरिकेतून आलेली असून हिरवळीच्या मातीबरोबर पसरते. तिला देशी समजून मुद्दाम लावू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हरणखुरी घरात आणू नये. फिकट गुलाबी-पांढऱ्या फुलांची ही वेल याच कुळातली असल्याने लोक फसतात. काळ्या रानात तिने शेतकऱ्यांना किती सतावले आहे ते आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. तिच्या मुळाचा तुकडा राहिला, तरी ती पुन्हा उगवते.

विष्णुक्रांतेचे आच्छादन प्रत्यक्षात कसे दिसते, हे मी ग्राहकाला रोप देण्याआधीच स्पष्ट सांगते. पहिला चांगला पाऊस झाला की बुंध्यातून नवे फुटवे येतात. ऑगस्टपासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत ती भरात असते आणि सकाळच्या वेळी जमिनीवर निळे ठिपके पसरलेले दिसतात. आपल्याकडे पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो, त्यामुळे तिचा उत्तम काळही गणपती ते दिवाळी असा येतो. जानेवारीनंतर फुले विरळ होतात. मार्चच्या अखेरीस पाने करड्या-हिरव्या रंगाची आणि थोडी राहतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी दिले नाही, तर वरचा भाग जवळपास वाळतो आणि खालचा बुंधा मात्र जिवंत असतो. हे दोन महिने अंगण तपकिरी दिसणे आपल्याला चालणार असेल, तरच हे झाड लावावे. दुसरे असे की ऐन भरातही ती जमीन पूर्ण झाकत नाही. मधून मधून मुरूम दिसतो. मला स्वतःला ते आवडते, कारण माळाची शोभाच तशी असते, पण पाहुण्यांनी ‘लॉन छान आहे’ म्हणावे अशी अपेक्षा असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. ती पायाखाली तुडवलेलीही सोसत नाही. जेथून रोज जाणे-येणे आहे, तेथे शहाबादी फरशीचे तुकडे पाऊल पडेल इतक्या अंतरावर बसवावेत आणि त्यांच्या मधल्या जागेत ती लावावी.

मुरमाचा भराव चालेल का, याचे उत्तर भरावात काय आहे यावर अवलंबून आहे. निव्वळ मुरूम असेल तर उत्तम. बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे आणि विटांचे तुकडे असतील, तर वरचा सहा-आठ इंचांचा थर काढून टाकावा लागेल. शंका असल्यास एक साधी परीक्षा करावी. एक फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा घ्यावा, तो पाण्याने भरून एकदा जिरू द्यावा आणि लगेच पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळी चार तासांनंतरही खड्ड्यात पाणी उभे राहत असेल, तर ती जागा विष्णुक्रांतेची नव्हे. माती चुनखडीची आहे म्हणून मात्र काळजी करू नये. आपल्या माळांवर चुनखडी आहेच आणि ही वनस्पती तेथेच वाढते.

खत घालून जमीन सुपीक करावी, असा मोह होतो. तो टाळावा. यामागचे कारण असे की भुकेल्या मुरमावर विष्णुक्रांतेला फारसे प्रतिस्पर्धी नसतात, म्हणून ती तेथे दिसते. शेणखत आणि पाणी मिळताच हराळी, लव्हाळा, गाजरगवत आणि केना तिच्या कितीतरी पट वेगाने वाढतात, आणि अर्धा फूटही उंच न होणारे हे झाड त्यांच्या सावलीत गुदमरते. अंगणात विष्णुक्रांता बहुतेक वेळा पाण्यावाचून मरत नाही, शेजाऱ्यांमुळे मरते. त्यामुळे या कामातील निम्म्याहून अधिक कष्ट लावण्यापूर्वीच्या तयारीत आणि पहिल्या वर्षीच्या खुरपणीत आहेत, लावण्यात नाहीत.

आपल्याकडे आधी हिरवळ होती, म्हणजे हराळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत असणारच. हे काम उन्हाळ्यात करावे. एप्रिलमध्ये टिकावाने सहा-आठ इंच जमीन उकरून हराळीच्या कांड्या हाताने वेचून काढाव्यात आणि उरलेल्या उन्हात उघड्या पडू द्याव्यात. नंतर जमीन एकदा पूर्ण भिजवून तिच्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक अंथरावे, कडा मातीने दाबून बंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. सोलापूरचे ऊन एरवी आपण शिव्या घालण्यापुरतेच वापरतो, येथे ते कामाला येते. प्लास्टिकखालची माती इतकी तापते की वरच्या थरातील तणांचे बरेचसे बी मरते. काळे प्लास्टिक या कामी तितके उपयोगी नाही, कारण ऊन आत जाण्याऐवजी तेच तापून राहते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र याने पूर्ण मरत नाहीत, त्या खणूनच काढाव्या लागतात. पहिल्या पावसानंतर जे काही उगवेल, ते दोन पानांवर असतानाच खुरप्याने वरचेवर खरडून घ्यावे. या वेळी जमीन खोल हलवू नये, नाहीतर खालचे बी वर येऊन नवी फेरी सुरू होते.

आता रोपे तयार करण्याविषयी. सध्या ऑगस्ट चालू आहे, तेव्हा आपल्याला फांद्यांपासून लगेच सुरुवात करता येईल. फूल नसलेल्या फांदीचा तीन-चार इंचांचा तुकडा घ्यावा, त्याचे खालचे टोक किंचित कठीण झालेले असावे. खालच्या निम्म्या भागातील पाने काढावीत आणि जाड वाळू व कोकोपीट समप्रमाणात भरलेल्या पिशवीत तो लावावा. सावलीच्या जाळीखाली ठेवून माध्यम ओलसर राहील इतपतच पाणी द्यावे. तीन आठवड्यांच्या सुमारास हलके ओढून पाहिले असता काडी विरोध करू लागली, तर मुळे आली असे समजावे. सगळ्या काड्या धरत नाहीत, म्हणून गरजेच्या दुप्पट लावाव्यात. अशा रोपांना सोटमूळ नसते. त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात त्यांना बियांच्या रोपांपेक्षा थोडे अधिक पाणी लागते.

मला स्वतःला बियांची रोपे अधिक पसंत आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात फांद्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढी गोल फळे दिसतात, त्यांचे देठ खाली वाकलेले असतात. ती तपकिरी आणि कोरडी झाली की चार शकलांत फुटतात आणि आतील चार बारीक बिया सांडतात. फुटण्याच्या बेतात असलेली फळेच घ्यावीत, हिरवी फळे घेऊन उपयोग नाही. फळे कागदी पिशवीत आठवडाभर ठेवली की आपोआप फुटतात. या बियांचे कवच कठीण असते आणि त्यातून पाणी सहजासहजी आत शिरत नाही, म्हणून त्या नुसत्या पेरल्या तर थोड्याच उगवतात आणि बाकीच्या पुढच्या वर्षावर ढकलल्या जातात. यावर उपाय असा की उकळी आलेले पाणी आचेवरून उतरवून दोन-तीन मिनिटे थांबावे, त्यात बिया टाकाव्यात आणि सकाळपर्यंत तशाच ठेवाव्यात. सकाळी काही बिया फुगलेल्या दिसतील, त्या वेगळ्या करून लगेच पेराव्यात. ज्या जशाच्या तशा राहिल्या असतील, त्या बारीक पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये हलक्या हाताने घासून पुन्हा भिजवाव्यात. घासताना कवच खरवडले जावे, बी चिरडले जाऊ नये. पेरणी मे महिन्याच्या अखेरीस लांबट पिशव्यांत करावी, म्हणजे मृगानंतर जमीन ओली होईपर्यंत रोपे चार-सहा पानांची होतात. उथळ ट्रेमध्ये रोपे वाढवू नयेत, त्यांत सोटमूळ वळून गुंडाळले जाते आणि पुढे ते खोल जात नाही.

बी किंवा काड्या कोठून घ्याव्यात, हेही महत्त्वाचे आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावरून काहीही आणू नये. ते कायद्याने संरक्षित क्षेत्र आहे, आणि तेथील एकेक झुडूप त्या माळाच्या कीटक-पाखरांसाठी राखलेले आहे. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून, त्याला विचारून, थोडे बी घेणे सर्वांत उत्तम. आपल्या भागात ज्या रिकाम्या प्लॉटवर उद्या-परवा जेसीबी येणार आहे, तेथील झाडांच्या फांद्या मालकाच्या परवानगीने खुशाल घ्याव्यात, कारण ती झाडे तशीही जाणारच असतात. कोणत्याही एका जागेवरचे सगळे बी मात्र उचलू नये.

लावणी आर्द्रा नक्षत्राच्या आसपास, जमीन चांगली भिजल्यावर करावी. दोन रोपांत पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवून, एका ओळीतील रोप शेजारच्या ओळीतील दोन रोपांच्या मधोमध येईल असे लावावे. या हिशेबाने एका चौरस मीटरला सोळा रोपे लागतात. आपला पुढचा भाग सुमारे ३०० चौरस फूट धरला, तर तो पूर्ण भरायला साडेचारशेच्या आसपास रोपे होतात. एवढी रोपे पहिल्याच वर्षी करण्याच्या फंदात पडू नये. पन्नास चौरस फुटांचा एक तुकडा घ्यावा, त्याला सत्तर-पंचाहत्तर रोपे पुरतात, आणि तो नीट खुरपून सांभाळावा. पुढील वर्षी त्याच तुकड्यातून बी मिळते. रोपांमधल्या उघड्या जागेवर बारीक मुरूम किंवा खडीचा एक-दीड इंचाचा थर द्यावा, त्याने ओल टिकते आणि तण कमी येते. उसाचे पाचट किंवा पालापाचोळा येथे वापरू नये, कारण तो कुजून जमीन सुपीक करतो आणि बुंध्यालगत ओल धरून ठेवतो.

पाण्याचे वेळापत्रक मी मुद्दाम काटेकोर देत नाही, कारण जिल्ह्याचा पाऊसच सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी. सर्वसाधारण नियम असा ठेवावा: लावणीनंतर पहिला महिना पावसाने दडी मारली, तर दर दोन-तीन दिवसांनी पाणी द्यावे. त्यानंतर हिवाळा संपेपर्यंत दहा-बारा दिवसांनी एकदा, पण खोलवर भिजेल असे द्यावे. रोज झारीने वरवर शिंपडणे हे सर्वांत वाईट, कारण त्याने मुळे वरच्याच थरात रेंगाळतात. पहिल्या उन्हाळ्यात पंधरवड्याला एकदा भरपूर पाणी द्यावे. दुसऱ्या उन्हाळ्यापासून, रोपे बियांची असतील आणि मुरूम खोल असेल, तर पाणी थांबवूनही बहुतेक झाडे पावसाबरोबर परत फुटतात. फेब्रुवारीच्या अखेरीस फांद्या जमिनीपासून दोन इंचांवर कापून घ्याव्यात, म्हणजे वाळका गुंता साचत नाही. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये विष्णुक्रांता असल्याने चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेजारीपाजारी मागायला येतील, त्यांना फांद्या खुडू द्याव्यात. तेवढी छाटणी झाडाला मानवते, फक्त कोणाला उपटू देऊ नये. स्मरणशक्तीसाठी पाने चघळण्याचे सल्लेही त्याच दिवशी ऐकू येतील. औषध म्हणून काही घ्यायचे तर ते वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावे, अंगणातून नव्हे.

एकेक रोप कायमचे टिकत नाही, काही वर्षांनी बुंधा थकतो. पण एव्हाना आजूबाजूला सांडलेल्या बियांतून नवी रोपे आलेली असतात. म्हणून खुरपणी करणाऱ्या बाईंना तिचे लहान रोप एकदा ओळखून दाखवावे. माझ्या पाहण्यात अशा जागा उजाड होण्याचे सर्वांत सामान्य कारण दुष्काळ नसून, अंगण ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात झालेली खुरपणी हे आहे.

बाजूच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात मात्र विष्णुक्रांतेचा विचारच करू नये. तेथे पाणी साचते, पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात, आणि दुपारनंतर ऊनही नाही. त्या जागेसाठी जलपिंपळी योग्य आहे. काही जण तिला रतोलिया म्हणतात, आणि शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. तलावांच्या आणि ओढ्यांच्या काठी, जेथे पाणी चढते आणि ओसरते, अशा ठिकाणी ती आपल्याकडे आपसूक उगवते. तीही देशी आणि बहुवर्षायूच, पण स्वभावाने अगदी उलट. पेरापेराला मुळे धरत ती जमिनीला चिकटून पसरते, थोडेफार चालणे सोसते, मचूळ पाणी सहन करते, आणि देठावर बारीक पांढऱ्या-जांभळट फुलांचे बोंड धरते. तिचा एक फूट लांबीचा तुकडा पेरांवर कापून ओल्या मातीत आडवा दाबला, की पंधरा दिवसांत लागतो. त्यामुळे रोपांचा खर्च जवळजवळ नाहीच. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी आपण या पट्ट्याला देऊ शकता. धुण्याचे पाणी द्यायचे असल्यास साबणाचे पहिले पाणी गटारात जाऊ द्यावे आणि नंतर खळबळलेलेच वळवावे. आठवड्याला एकदा पाणी मिळाले, तर ती उन्हाळ्यातही हिरवी राहते. सावली जितकी जास्त, तितकी फुले कमी, एवढे लक्षात ठेवावे.

जलपिंपळीच्या दोन खोड्या आधीच सांगून ठेवते. ती हद्द ओळखत नाही, म्हणून तिच्या आणि पुढच्या मुरमाड भागाच्या मध्ये शहाबादी फरशी उभी गाडून सहा इंच खोल आड करावा, नाहीतर ती ओलीच्या मागे विष्णुक्रांतेत शिरेल. आणि तिच्या फुलांवर मधमाश्या भरपूर येतात. घरात अनवाणी खेळणारी लहान मुले असतील, तर फुलोऱ्याच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी वरून कापणी करावी, किंवा मुलांच्या खेळण्याची जागा वेगळी ठेवावी.

पुढच्या भागात विष्णुक्रांता वाळलेली असताना अगदीच भकास वाटू नये, यासाठी काही सोबती लावता येतात. पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी, तिच्याइतकीच काटक असून तिचे मूळ मांसल असते आणि पाने रुंद असल्याने जमीन अधिक झाकली जाते. मात्र तिची चिकट फळे कपड्यांना लागतात, म्हणून ती वाटेच्या कडेला नको. पावसाळ्यात कंदातून उगवणारी आभाळीही मुरमात छान येते. याहून अधिक जातींची गर्दी एवढ्या जागेत करू नये, पहिल्या दोन वर्षांत तण कोणते आणि लावलेले कोणते हेच कळेनासे होते.

राहिली साप-विंचवांची शंका. विष्णुक्रांता किंवा जलपिंपळी अर्ध्या फुटापेक्षा उंच होत नाहीत, आणि विष्णुक्रांतेत तर जमीन डोळ्यांना दिसत असते. अशा उघड्या जागेत साप मुक्काम करत नाही, तो फार तर ओलांडून जातो. तो येतो उंदरांच्या मागे आणि दडायला जागा असेल तेथे. विंचवाचेही तसेच, त्याला फटी आणि दगड लागतात. म्हणून बांधकामातून उरलेल्या फरश्यांची चळत, विटांचा ढीग किंवा जुन्या कुंड्या भिंतीलगत पडल्या असतील, तर त्या आधी हलवाव्यात. हलवताना हात खाली न घालता पहारेने उचलाव्यात. पावसाळ्यात रात्री अंगणात जाताना पायात चप्पल आणि हातात बॅटरी असावी. वाटेसाठी बसवलेल्या फरशीच्या तुकड्यांखाली पोकळी राहू नये, म्हणून ते मुरमावर नीट ठोकून बसवावेत आणि दर पावसाळ्यानंतर एखादा डुगडुगतो का ते पाहून खालची जागा पुन्हा मुरमाने भरून घ्यावी.